चळत

अक्काचा ईएसआर बावीस आला तेव्हा मीच तिला फोन केला होता, तोही मोठ्या फुशारकीने. "बावीस! तुझ्या वयाला याहून चांगला आकडा शोधून सापडायचा नाही. डोकं दुखतंय, डोकं दुखतंय म्हणून महिनाभर घर डोक्यावर घेतलंस. आता गुपचूप काजं करत बस." ती म्हणाली, "बरं बाबा. तू म्हणतोस तर नाही दुखत." आणि फोन ठेवला. ही सोमवारची संध्याकाळ. बुधवारी सकाळी ती उठली ती डाव्या डोळ्याने आंधळी होऊन.

अक्का माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती सोळाची. तेव्हापासून आजवर ती शिंप्यांकडून शर्ट आणून त्यांना काजं करते, बटणं लावते. त्या काजांवर माझं शिक्षण झालं. मी जो काही आहे तो तिच्या डोळ्यांच्या जिवावर आहे, आणि हे मी बोलायला बरं म्हणून बोलत नाही. आम्ही दोघं एकाच घरात राहतो. लग्न दोघांचंही राहून गेलं. भांडायला माणूस घरातच होतं, मग बाहेरून कशाला आणायचं, असं ती म्हणते.

मी इस्पितळाच्या तळमजल्यावर रक्त तपासतो. एकतीस वर्षं झाली. बाकीच्या तपासण्या हळूहळू यंत्रांनी नेल्या, पण ईएसआर मी सोडला नाही. रक्त थोडं पातळ करून एका बारीक, उभ्या काचेच्या नळीत भरायचं आणि एक तास हात लावायचा नाही. तांबड्या पेशी खाली बसत जातात, वर पिवळसर पाणी उरतं. तासाभरात ते पाणी जितके मिलिमीटर झालं तो आकडा. या पेशी म्हणजे चपट्या ताटल्याच. निरोगी रक्तात त्या सुट्या सुट्या तरंगतात आणि सावकाश खाली येतात. अंगात कुठे दाह पेटला असेल तर रक्ताला एक चिकटपणा येतो, ताटल्या एकमेकींना चिकटून त्यांची चळत लागते, आणि चळत जड म्हणून भराभर खाली जाते. डोळ्याला दिसतं ते पेशींचं बसणं, पण खरं मापायचं असतं ते चळतीचं लागणं.

काम बिनडोक वाटतं, म्हणून लोक त्यात चुका करतात. नळी जराशी तिरकी झाली की चळती काचेच्या भिंतीवरून घसरत खाली येतात आणि आकडा फुगतो. म्हणून मी स्टँडसमोर गवंड्याचा ओळंबा टांगलाय. उन्हाची तिरीप नळीवर पडू नये म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलाय. आणि साठ मिनिटं म्हणजे साठ मिनिटं. एकोणसाठाव्या मिनिटाला कोणी नळीकडे नुसतं बोट केलं तरी मी खेकसतो. माझ्याबरोबर काम करणारी तंत्रज्ञ मला तासमास्तर म्हणते. मी तिला घाईबाई म्हणतो. फिटंफाट.

माझ्या स्टँडला भोकं दहा. दहा नळ्या लावल्या की एक तास गेला, मग पुढच्या दहा. सोमवारी नमुन्यांची झुंबड असते. ओळखीपाळखीचे लोक "आमचं जरा आधी लावा हो" करत येतात आणि मी त्यांना हाकलून देतो. रांग म्हणजे रांग, आणि आपलं घरचं माणूस रांगेत शेवटचं. हा माझा नियम, आणि त्याचा मला केवढा ताठा! त्या सोमवारी सकाळी सात वाजता, चहाच्याही आधी, मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर अक्काचं रक्त काढलं, बाटलीवर तिचं नाव आणि वेळ घातली, ती शर्टाच्या खिशात ठेवून कामावर आलो आणि रांगेच्या शेवटी उभी केली. दिवसभर नवे नमुने येत राहिले आणि मी तिची बाटली मागे मागे सरकवत राहिलो. तिचा नंबर लागला सव्वाचारला. सव्वापाचला आकडा वाचला, सही ठोकली, आणि फोन केला तो वर सांगितलाच.

बुधवारी सकाळी ती बिछान्यावर बसून एकदा हा डोळा झाकत होती, एकदा तो. मला वाटलं काही खेळ चाललाय.

"डाव्याने काही दिसत नाहीये रे," ती म्हणाली. "डोळ्यात काही गेलं असेल का?"

"काय दिसतं?"

"काहीच नाही. काळंपण नाही. तिथे डोळाच नसल्यासारखं."

मी तिला तशीच उचलून इस्पितळात आणली. पहिल्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बसतात. वयाने लहान, पण कामाला चोख. त्यांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ अक्काच्या डोळ्यात उजेड टाकून पाहिलं, मग दिवा लावला आणि कानशिलावर बोट ठेवलं. अक्का "स्स" करून मागे सरकली.

"मावशी, केस विंचरताना दुखतं का?"

"महिना झाला. फणी लावली की जीव जातो."

"आणि जेवताना? चावताना?"

"जबडा भरून येतो. दोन घास झाले की थांबावं लागतं. याला सांगितलं तर म्हणाला, बोलणं कमी कर, जबडा आपोआप थांबेल दुखायचा."

असं मी म्हणालो होतो. विनोद म्हणून. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या खुर्ची ओढून आमच्या समोर बसल्या आणि सांगायला लागल्या. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा बंद पडलाय. तो बंद पडायची कारणं दोन असू शकतात. एक म्हणजे कानशिलाच्या रक्तवाहिनीला दाह होतो आणि ती आतून सुजून बंद होते. तसं असेल तर आजच्या आज स्टेरॉइडची मोठी इंजेक्शनं सुरू करायची, नाहीतर दुसरा डोळाही जातो, चार दिवसांत जातो, कधी दुसऱ्याच दिवशी. दुसरं कारण साधं: वय, साखर, रक्तदाब. त्यात स्टेरॉइडचा उपयोग शून्य.

"मग देऊन टाका ना इंजेक्शन," मी म्हणालो.

"एवढं सोपं असतं तर मी थांबले असते का? मावशींची साखर तीनशेच्या वर आहे. गेल्या वर्षी पोटातला अल्सर फुटून रक्त गेलंय. एवढा डोस दिला आणि अल्सर पुन्हा फुटला तर त्या जातील. लक्षणं सगळी पहिल्या आजाराची आहेत. पण त्या आजारात ईएसआर ऐंशी असतो, शंभर असतो. हा बघा तुमचाच रिपोर्ट. बावीस. इथेच माझा हात अडतोय." दाह दाखवणारी दुसरी तपासणी म्हणजे सीआरपी, तिचं किट पंधरा दिवसांपासून संपलंय हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि रक्तवाहिनीचा तुकडा काढून तपासायला पाठवला तर उत्तराला आठवडा. त्यांनी रिपोर्ट डोळ्यांजवळ नेला. "वाचलाय सव्वापाचला. रक्त कधी काढलं होतं?"

काढलेलं रक्त चार तासांच्या आत नळीत लावायचं असतं. हे मी नव्या मुलींना स्वतः शिकवतो, फळ्यावर लिहून शिकवतो. रक्त नुसतं पडून राहिलं की ताटल्या फुगून गोल गोळ्या होतात. गोळ्यांची चळत लागत नाही. चळत लागली नाही की पेशी खाली बसत नाहीत, आणि आजाऱ्याचं रक्त निरोग्यासारखं वागतं. अक्काचं रक्त नऊ तास पडलं होतं. साठ मिनिटांचा हिशेब मी डोळ्यांत तेल घालून ठेवला, आणि त्याआधीच्या नऊ तासांकडे बघितलंही नाही.

"दुपारी," मी म्हणालो.

का म्हणालो? एकतीस वर्षांत माझ्या सहीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं, म्हणून. जीभ डोक्याच्या पुढे धावली, म्हणून. भ्याड आहे, म्हणून. तिन्ही खरी.

आणि मी तोंड मिटायच्या आत अक्का बोलली. "हो ना, दुपारीच. जेवण झाल्यावर. मी विचारलंसुद्धा, भरल्या पोटी चालतं का रे? तर म्हणाला, याला चालतं."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. लहानपणी शाळेतून तक्रार आली की ती अशीच दारात उभी राहून मास्तरांना सांगायची, तो तर दिवसभर घरीच होता. खोटं बोलताना तिला नेहमी एखादा तपशील जास्तीचा लागतो.

"मग ठीक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रिपोर्ट तुमच्या हातचा म्हणजे मला शंका नाही. तरी आज पुन्हा करा. तोवर मी यांच्या साखरेचं बघते. आजही वीसपंचवीसच्या आत आला तर स्टेरॉइडचा विषय संपला."

मी अक्काच्या दंडाला पट्टा बांधला, रक्त काढलं आणि जिन्याने खाली धावलो. तेव्हाच का नाही सांगितलं, असं कोणीही विचारेल. मी मनाशी एक सोय करून ठेवली होती. ताजं रक्त आहे, नवा आकडा खरा येईल, तोच माझ्या वतीने बोलेल. बावीस खोटा होता हे मी उच्चारायची गरजच पडणार नाही.

दहा चाळीसला नळी लावली. ओळंबा पाहिला, गजर लावला, स्टूल ओढून समोर बसलो. स्टँडमध्ये नऊ भोकं रिकामी होती आणि एकात माझी बहीण होती.

पहिली काही मिनिटं नळीत काहीच होत नाही. पेशी एकमेकींना शोधत असतात, चळती लागायच्या असतात. ही मिनिटं मी हजारो वेळा चहा पीत घालवली आहेत. त्या दिवशी मला बसवेना. मी उठून शीतपेटी उघडली. नमुने आम्ही तीन दिवस ठेवतो, सोमवारची अक्काची बाटली तिथे होती. तिच्यातला एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गोळ्या. सुट्या, गुबगुबीत, एकमेकींशी काही देणंघेणं नसलेल्या. मग आजच्या रक्ताचा थेंब लावला. इकडे सगळीकडे चळती, लांबच लांब, एकीला दुसरी फुटलेली, मधे मोठमोठी रिकामी मैदानं. इतक्या लांब चळती मी क्वचित बघितल्या असतील.

"कोणाचं आहे?" घाईबाई मागे येऊन उभी होती.

"दोन्ही अक्काचंच."

तिने आधी एक बघितलं, मग दुसरं, मग सोमवारच्या बाटलीवरची वेळ. माझ्याच अक्षरात लिहिलेली होती: सकाळी सात. तिला सांगावं लागलं नाही.

"सात? आणि लावलं कधी?"

"सव्वाचारला."

"तासमास्तर!" ती एवढंच म्हणाली. मग बाटली खाली ठेवून, "मला का नाही सांगितलं? मी लावलं असतं सकाळी."

"घरचं होतं. रांगेत शेवटी ठेवलं."

गेल्या वर्षी एक यंत्र महिनाभर आमच्याकडे बघण्यासाठी म्हणून आणून ठेवलं होतं. त्यात नळी नाही, तास नाही. ते रक्त आधी जोराने घुसळतं, ताटल्या सुट्या करतं, मग एकदम थांबतं आणि आरपार उजेड सोडतं. चळती लागायला लागल्या की मधे फटी पडतात, फटींतून उजेड जास्त येतो, आणि उजेड किती भरभर वाढला त्यावरून यंत्र आकडा सांगतं. वीस सेकंद. घाईबाई त्याच्या प्रेमात पडली होती. मी पानभर शेरा लिहिला की वीस सेकंदांत रक्ताची ओळख होत नसते, आणि यंत्र परत गेलं. तो शेरा मी घरी अक्कालाही मोठ्याने वाचून दाखवला होता.

"ते यंत्र असतं तर..." मी म्हणालो.

"यंत्रालाही बावीसच आलं असतं. शिळं रक्त दोघांनाही फसवतं," घाईबाई म्हणाली. ती मनाने चांगली आहे, मला सोडवायला बघत होती. पण तिला खोटं बोलता येत नाही. "फक्त, रांग लागली नसती. सकाळी आठला झालं असतं."

मी पुन्हा नळीसमोर येऊन बसलो. आता पेशी खाली यायला लागल्या होत्या. मी एकतीस वर्षं नळ्या लावल्या, पण एकाही नळीकडे सलग बघत बसलो नव्हतो. तांबडी रेघ हलताना दिसत नाही, पण नजर काढून परत टाकली की ती खाली गेलेली असते. दहा. अठरा. पंचवीस. मधेच मला वाटलं, थांब, एवढी घाई करू नकोस. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, अजून जा, शंभरावर जा, म्हणजे त्या बाईंना इंजेक्शन द्यावंच लागेल. आपल्या बहिणीच्या रक्तात जितकी आग असेल तितकी दिसू दे, असं मागत होतो मी. विसाव्या मिनिटाला पाणी अडतीसवर होतं.

मी आयुष्यात पहिल्यांदा तास भरायच्या आत आकडा वाचला आणि वरच्या मजल्यावर फोन लावला.

"मॅडम, वीस मिनिटांत अडतीस. सुरू करा इंजेक्शन."

"वीस मिनिटांत? परवा अख्ख्या तासात बावीस होता."

"हो."

"दोन दिवसांत एवढी उडी? मग या दोनांतला एक कुठला तरी चुकलाय. नळी तिरकी नाही ना? अहो, सख्खी बहीण आहे, तुमचा हात थरथरत असेल. आणखी दोन नळ्या लावा, पूर्ण तास थांबा, मग सांगा. साठ मिनिटांच्या आत वाचायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत."

खरं होतं. नवीन आल्या तेव्हा त्या एकदा चाळीस मिनिटांत रिपोर्ट मागायला खाली आल्या होत्या आणि मी त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं होतं. आणखी दोन नळ्या, आणखी एक तास. आणि तो तास भरला तरी त्यांच्यापुढे दोन आकडे उरणार होते, दोन्ही माझ्याच सहीचे. नवा आकडा माझ्या वतीने बोलणार नव्हता. आकड्याला तोंड नसतं.

घाईबाई पलीकडच्या टेबलाशी काम करत असल्याचं सोंग करत होती. मी फोन घट्ट धरला.

"मॅडम, परवाचा चुकलाय. रक्त सकाळी सातला काढलं होतं. नऊ तास पडून होतं. मघाशी मी तुमच्याशी खोटं बोललो."

"पण तुमच्या बहिणीनेही..."

"ती माझ्यासाठी बोलली. तिला माहीत नव्हतं त्याने काय होतं ते."

त्या म्हणाल्या, "आता तुमच्या कुठल्या शब्दावर अल्सरच्या पेशंटला एवढा डोस देऊ मी? थांबा. मी त्यांनाच विचारते." आणि फोन बंद झाला.

त्यांना अक्का माहीत नव्हती. मला माहीत होती. मी जिना चढताना दोन वेळा ठेचकाळलो. वॉर्डात पोचलो तर डॉक्टरीणबाई अक्काच्या पलंगाच्या उजव्या अंगाला उभ्या होत्या आणि अक्का उशीला टेकून शांतपणे सांगत होती:

"दुपारीच हो. तो उगाच स्वतःवर ओढून घेतोय. लहानपणापासून तसाच आहे, दुसऱ्याने काही फोडलं तरी हा म्हणणार मी फोडलं. तुम्ही त्याचं काही ऐकू नका. त्याच्या कामात चूक नसते. एकतीस वर्षांत एक नाही."

मी तिच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभा होतो. तिला मी दिसलोच नाही.

"मावशी, विचार करून सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"केला विचार. जेवले, भांडी घासली, आणि मग याने रक्त काढलं. त्या दिवशी भांड्यांचा साबण संपला होता, तेही आठवतंय मला."

"अक्का," मी म्हणालो.

ती दचकली आणि सगळं तोंड वळवून तिने मला शोधलं. "तू कधी आलास? जा बरं खाली. तुझं काम पडलंय."

"अक्का, खरं सांग त्यांना."

"सांगितलं की."

"सकाळी सात वाजता काढलं मी. तू चहा मागत होतीस आणि मी म्हटलं, आधी रक्त."

तिने आवाज खाली घेतला, जणू डॉक्टरीणबाई तिथे नव्हत्याच. "गप्प बस. दीड वर्ष राहिलंय तुझ्या निवृत्तीला. घालवून बसशील सगळं. माझा एक डोळा गेलाय, गेला. काजं एका डोळ्याने होतात. मी सकाळी झाकून बघितलंय."

तेव्हा मला कळलं की ती डावा डोळा देऊन मोकळी झाली होती. तिच्या हिशेबात सौदा पुरा झाला होता. आता फक्त मला वाचवायचं राहिलं होतं. मी तिचे दोन्ही खांदे धरले. इतक्या वर्षांत मी तिच्यावर हजारदा ओरडलो असेन, पण त्या दिवशी ओरडताना माझा आवाज फाटला.

"दुसराही जाईल, अक्का! आज जाईल, उद्या जाईल! तू दुपार म्हणालीस तर तो बावीस खरा ठरतो, आणि तो खरा ठरला तर इंजेक्शन मिळत नाही. कळतंय का तुला? तू माझ्यासाठी खोटं बोलतेस आणि माझ्यामुळे आंधळी होशील. मग मी काय करू त्या नोकरीचं? कोणाला तोंड दाखवू?"

शेजारच्या पलंगावरचे लोक बघायला लागले होते. अक्काने डॉक्टरीणबाईंकडे तोंड केलं.

"सकाळी सातला," ती म्हणाली. "चहाच्या आधी." आणि मग, "अजून एक आहे. सांगणार नव्हते. मघापासून उजव्यापुढेही धूर येऊन जातोय. येतो, जातो. मला वाटलं, रडल्यामुळे असेल."

डॉक्टरीणबाई वळल्या त्या जवळजवळ पळतच गेल्या. परिचारिका सलाइन घेऊन आली, दुसरी इंजेक्शनाच्या बाटल्या. पोटासाठी वेगळं औषध, साखरेसाठी वेगळं. सगळं एकदम सुरू झालं. खाली नळीत अजून वीसेक मिनिटं शिल्लक होती आणि ती कोणीही मोजत नव्हतं. उजवा डोळा वाचला, हे आज सांगायला सोपं आहे. त्या घटकेला कोणालाच काही ठाऊक नव्हतं. मी अक्काकडे बघत होतो आणि ती कुठे बघतेय, तिला काही दिसतंय का, हेही मला ठरवता येत नव्हतं.

इंजेक्शन टोचायच्या आधी संमतीचा कागद आला. डॉक्टरीणबाईंनी तो स्वतः वाचून दाखवला. अल्सरमधून रक्तस्राव होऊ शकतो, साखर फार वाढू शकते, जिवाला धोका आहे, डावा डोळा परत येणार नाही, उजवा वाचेलच असंही नाही; हे मला समजलं आहे. अक्काने मान हलवत सगळं ऐकून घेतलं. परिचारिकेने तिच्या हातात पेन दिलं आणि बोटाने जागा दाखवली.

पेन टेकवून अक्का थांबली.

"यात आणखी एक ओळ घालता येईल का हो? की झाल्या गोष्टीबद्दल माझ्या भावाला कोणी काही करायचं नाही. माझी काही तक्रार नाही."

"मावशी, या कागदात तशी जागा नसते."

"मग कुठल्या कागदात असते? तो आणा आधी. त्यावरही सही करते."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी अक्काचा हात धरून पेनाचं टोक रेघेवर ठेवलं. तिने सही केली. अक्षरं रेघ सोडून खाली घसरत गेली, पण नाव पूर्ण लिहिलं. मग मी पुन्हा तिच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलो. तिथून तिला मी दिसत नव्हतो, आणि मला रडता येत होतं.